लेझर मारून मोकळं व्हावं का?

मोठ्या आत्याच्या उजव्या डोळ्याला वयामुळे होणारा मॅक्युलाचा आजार झाला, आणि तोही त्यातला ‘ओला’ प्रकार. तेव्हापासून आमच्या काचीगुड्याच्या घरात दोन पक्ष पडले आहेत. बाबांचं म्हणणं, लेझर मारा आणि मोकळे व्हा. ताईचं म्हणणं, डोळ्यात इंजेक्शनं घ्यायची आणि लागतील तितकी घेत राहायची. ताई माझी आतेबहीण. शहरातल्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. बाबा तिचे मामा, रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झालेले. आत्या भैंशाला मुलाकडे असते, म्हणजे नांदेड जिल्ह्याच्या शिवेला लागून. तिथून बसनं बासर, बासरहून रेल्वेनं काचीगुडा, मग आमच्याकडे मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी दवाखाना, असा तिचा फेरा.

मराठवाड्यातून आणि जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातून डोळ्यांसाठी हैदराबाद गाठणारी कितीतरी माणसं मी लहानपणापासून आमच्या ओसरीवर पाहिली आहेत. त्यांच्या घरीही हाच वाद होत असणार. म्हणून त्या रात्रीचं बोलणं लिहून काढते आहे. आत्या समोरच्या पलंगावर बसून ऐकत होती.

बाबा : मला एवढंच सांग, माझ्या डोळ्याला लेझर केलं तेव्हा किती वेळ लागला? पाच मिनिटं. मोतीबिंदू काढल्यावर दोन वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं होतं. लेझर मारलं आणि दुसऱ्या दिवशी मी पेपर वाचला. आमच्या खात्यातल्या मित्राच्या पडद्यावर शुगरमुळे रक्त उतरत होतं. त्यालाही लेझर केलं. इतकी वर्षं झाली, अजून सुलतान बाजारातून स्वतः भाजी आणतो. मग अक्कालाच का दर महिन्याला डोळ्यात सुई?

ताई : मामा, ती तीन वेगळी दुखणी आहेत. तुमच्या डोळ्यात नव्या लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ झाली होती. याग लेझरनं तिला एक खिडकी पाडली, बस्स. पडद्याला धक्काही लागला नाही. तुमच्या मित्राच्या पडद्याचा कडेकडेचा भाग मुद्दाम भाजला, कारण रक्त कमी पडल्यामुळे तो भाग नव्या, कच्च्या रक्तवाहिन्यांना आवतण देत होता. कडेचा भाग गेला की अंधारात थोडं कमी दिसतं, बाजूचं थोडं कमी दिसतं. पण वाचता येतं, माणूस ओळखता येतो. मावशीचं दुखणं नेमकं मध्यावर आहे. मॅक्युला सगळा मिळून साडेपाच मिलिमीटरचा, त्याच्या मधला खळगा जेमतेम दीड मिलिमीटरचा. अक्षर वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचं तोंड ओळखणं, सगळं तिथं चालतं. तिथं भाजलं की भाजलेल्या जागेपुरतं दिसणं कायमचं गेलं.

बाबा : आणि नाही भाजलं तर काय राहणार आहे? आत पाणी झिरपतंय, रक्त झिरपतंय, तूच त्या फोटोत दाखवलंस. घराच्या भिंतीला ओल आली तर रोज फडक्यानं टिपत बसायचं, की आतला फुटका नळ बंद करायचा?

ताई : नळ बंद करायला भिंत फोडावी लागली आणि ती पुन्हा बांधता येत नसली, तर तुम्ही फोडाल? शिवाय हा नळ एकदा फुटलेला नाही, शरीर तिथं नवेनवे नळ घालतंय. व्हीईजीएफ नावाचं एक प्रथिन आहे. पडद्याखालच्या थराची कुचंबणा झाली की ते वाढतं आणि त्याच्या सांगण्यावरून या वाहिन्या फुटतात. लेझर असलेला नळ जाळतो, पण नवा घालायला सांगणारा तसाच राहतो. इंजेक्शन त्या सांगणाऱ्याचं तोंड बंद करतं. काही आठवडे. मग औषध उतरतं आणि तो पुन्हा बोलायला लागतो. म्हणून पुन्हा सुई.

बाबांना ही ‘काही आठवडे’ची गोष्टच पटत नाही. हिशेब खात्यात आयुष्य काढलेल्या माणसाला वारंवार येणारा खर्च आवडत नाही, हे एक. पण त्यांचा लेझरवरचा विश्वास अडाण्याचा नाही, हेही मला इथं सांगितलं पाहिजे. एके काळी जगभरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा तोच विश्वास होता आणि त्याला आधार होता.

त्या विश्वासाची सुरुवात एका ग्रहणापासून झाली. ९ जुलै १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे पडदा भाजलेला एक वैद्यकीय विद्यार्थी जर्मनीत गेर्ड मायर-श्विकेराथ या डॉक्टरांकडे आला. मध्यभागी पडलेला तो नेमका, कडा आखल्यासारखा डाग पाहून त्यांच्या मनात आलं की प्रकाशानं पडदा भाजता येत असेल, तर फाटलेला पडदा चिकटवताही येईल. पुढच्या काही वर्षांत त्यांनी आरशांनी सूर्याचा झोत खाली आणून खरोखर रुग्णांचे पडदे भाजले. सूर्य ढगाआड गेला की काम थांबे, म्हणून नंतर झेनॉनचा दिवा आला. १९६० मध्ये थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर तयार केला आणि त्या दशकाच्या अखेरीस आर्गॉन लेझर डोळ्यांच्या दवाखान्यात पोचला.

ताईनं हे सांगितलं तेव्हा बाबांना १६ फेब्रुवारी १९८० ची दुपार आठवली. त्या दिवशी हैदराबादजवळच्या जपाल-रंगापूरच्या वेधशाळेवरून सूर्य पूर्ण झाकलेला दिसला होता. आमच्या गल्लीत चिटपाखरू नव्हतं. आजीनं दारं लावली, खिडक्यांच्या फटींत जुनी धोतरं कोंबली आणि बाबांना आतल्या खोलीत बसवलं. बाबा इतकी वर्षं त्याला तिचा भाबडेपणा म्हणत आले. उघड्या डोळ्यांनी ग्रहण पाहणाऱ्याच्या मॅक्युलाचं काय होतं हे ऐकल्यावर ते थोडा वेळ गप्प झाले. मग पुन्हा सरसावले.

बाबा : म्हणजे लेझरला पुरावा होता, तूच म्हणतेस.

ताई : होता. चांगला होता. अमेरिकेत १९७९ साली मोठा अभ्यास सुरू झाला आणि १९८२ मध्ये निकाल आले. लेझर न केलेल्या डोळ्यांपैकी ६० टक्क्यांची नजर दीड वर्षात फार खालावली. लेझर केलेल्यांपैकी २५ टक्क्यांची.

बाबा : बघ! साठ आणि पंचवीस. यापेक्षा आणखी काय पाहिजे?

ताई : कोणाचे डोळे होते, ते विचारा. ज्यांच्या वाहिन्या मध्यबिंदूपासून दूर होत्या, निदान ०.२ मिलिमीटर तरी, त्यांचेच घेतले होते. असे रुग्ण थोडे. बहुतेकांच्या वाहिन्या मध्याखालीच असतात. आणि त्या थोड्यांतही निम्म्याहून अधिक जणांच्या वाहिन्या काही वर्षांत पुन्हा उगवल्या, बऱ्याचदा भाजल्याच्या कडेनं, मध्याच्या दिशेनं. भाजल्याचा व्रणही वर्षागणिक पसरतो.

बाबा : आणि मध्याखाली ज्यांच्या होत्या त्यांचं काय केलं?

ताई : त्यांनाही लेझर करून पाहिलं. १९९१ मध्ये त्याचे निकाल आले. उपचार झाल्याझाल्या नजर सरासरी तीन ओळींनी उतरली. दोन वर्षांनी मात्र सहा ओळी किंवा त्याहून जास्त गमावणारे लेझरच्या गटात २० टक्के होते, उपचार न केलेल्यांत ३७ टक्के.

इथं मी माझं मत नोंदवते. त्या काळातल्या डॉक्टरांना रुग्णासमोर बसून काय सांगावं लागत असेल, याचा मी खूप वेळ विचार केला. आज मी तुम्हाला जितकं दिसतंय त्याहून कमी दिसेल असं करणार आहे, पण दोन वर्षांनी तुम्ही माझे आभार मानाल. असं प्रामाणिकपणे सांगणारे डॉक्टर आणि त्यावर मान हलवणारे रुग्ण, दोघांचीही हिंमत मोठी. त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. आज दुसरं काही असताना तेच मागणं मला पटत नाही. एवढ्यापुरती मी ताईच्या बाजूची आहे.

मध्ये एक थंड लेझरही येऊन गेला. हातातल्या शिरेतून व्हर्टेपोर्फिन नावाचं औषध सोडायचं आणि ते डोळ्यातल्या वाहिन्यांत पोचलं की ६८९ नॅनोमीटरचा लाल झोत ८३ सेकंद धरायचा. झोत स्वतः भाजत नाही, औषधाला जागं करतो आणि वाहिनी आतून बंद पडते. २००० साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. उपचारानंतर पाच दिवस उन्हात जायचं नाही, कारण औषध कातडीतही उरलेलं असतं. मे महिन्यात बासरच्या फलाटावर उभ्या राहणाऱ्या बाईला हे पथ्य सांगून पाहावं. त्या उपचारानं नजर उतरण्याचा वेग कमी झाला, गेलेली नजर मात्र क्वचितच परत आली.

ताई : २००६ मध्ये रॅनिबिझुमॅब हे इंजेक्शन आणि तो थंड लेझर समोरासमोर ठेवून पाहिले. वर्षभरानंतर तक्त्यावरच्या पंधरा अक्षरांनी, म्हणजे तीन ओळींनी, नजर सुधारलेले रुग्ण इंजेक्शनच्या गटात शंभरात चाळीस होते. लेझरच्या गटात सहासुद्धा नव्हते. मामा, या आजारात ‘सुधारणा’ असं लिहायची वेळ तेव्हा पहिल्यांदा आली. त्याआधी आम्ही फक्त किती गेलं ते मोजत होतो.

बाबा : मान्य. आता माझं ऐक. त्या अभ्यासातल्या माणसांना तारीख झाली की फोन जायचा, महिन्याच्या महिन्याला तपासणी व्हायची. ती घरी गेल्यावर त्यांचं काय झालं, कुणी पाहिलं का?

या प्रश्नावर ताईनं लगेच उत्तर दिलं नाही. टाळण्यातली ती नाही. नीट सांगायचं म्हणून तिनं वेळ घेतला.

ताई : पाहिलं. त्याच अभ्यासांतल्या पासष्ट जणांना सुमारे सात वर्षांनी पुन्हा बोलावून तपासलं, २०१३ मध्ये ते छापून आलं. सुमारे एक तृतीयांश लोकांची नजर उपचार सुरू झाले तेव्हापेक्षा पंधरा अक्षरांनी किंवा त्याहून जास्त उतरली होती.

बाबा : मग? मी काय म्हणतोय? तुमचं औषध चांगलं, पण ते ज्याला झेपेल त्याला चांगलं. अक्काला इथं यायचं तर मुलाला दोन दिवस दुकान बंद ठेवावं लागतं. डोळ्यात थेंब टाकले की धड दिसत नाही, म्हणजे एकटीनं परत जायची सोय नाही. त्यात २०२० साली टाळेबंदी लागली. गाड्या बंद, बस बंद. चार महिने तिची सुई चुकली. त्या चार महिन्यांत जे गेलं ते परत आलं का?

आत्या : थोडं आलं. पहिल्यासारखं नाही.

बाबा : लेझरला टाळेबंदी नाही लागत. एकदा करून टाकलं की माणूस मोकळा. मला डोळ्याचं शास्त्र कळत नसेल, पण जो उपचार रुग्णाला पुढे चालवता येत नाही, तो कागदावरचा उपचार. तुमच्या दवाखान्यात न आलेल्या रुग्णाच्या फाइलवर ‘आला नाही’ असं लिहितात ना? का आला नाही, त्याचा रकाना आहे का?

ताई : नाही.

बाबांचं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे आणि त्याचा लेझरशी संबंध तसा थोडाच आहे, असं मला तेव्हा वाटलं. ते लेझर मागतात, कारण त्यांना आत्यासाठी संपणारा उपचार हवा आहे. ताई इंजेक्शन मागते, कारण तिला आत्याची नजर हवी आहे. दोघांच्या मागण्या एकाच बाईसाठी आहेत आणि त्यातली कुठलीही चुकीची म्हणता येत नाही.

पैशाचा विषय मात्र झटकन आटोपला, कारण तो आधीच बऱ्याचदा बोलून झालेला. आत्याला बेव्हासिझुमॅब देतात. ते मुळात आतड्याच्या कर्करोगाचं औषध. २००५ च्या सुमारास मियामीच्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी त्याचा बारीकसा भाग डोळ्यात वापरायला सुरुवात केली. डोळ्यासाठी मुद्दाम बनवलेल्या औषधापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं आणि २०११ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दोन्हींचा परिणाम जवळजवळ सारखा निघाला. एका कुपीतून अनेक डोस काढताना निर्जंतुकपणा सांभाळणं हा त्यातला धोका. २०१६ साली आपल्याकडे काही रुग्णांना त्रास झाल्यावर औषध महानियंत्रकांनी त्याच्या डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला होता, नंतर तो मागे घेतला. त्या इशाऱ्याच्या वर्षभर आधी अहमदाबादच्या इंटास कंपनीनं रॅनिबिझुमॅबचा देशी अवतार बाजारात आणला आणि मधली एक पायरी तयार झाली.

आता आत्याविषयी. तिला हे पहिल्यांदा कळलं ते कालनिर्णयवर. एकादशी बघायला गेली तर चौकोनांच्या रेषा मध्येच पोटात गेल्यासारख्या, वाकलेल्या. तिला वाटलं पावसाळ्यात कागदाला दमटपणा आला. सुनेनं नवं कालनिर्णय आणून लावलं. तेही वाकडं. मग एकदा डोळ्यात काही गेलं म्हणून तिनं उजवा डोळा चोळत मिटला आणि रेषा सरळ झाल्या. डावा झाकला की पुन्हा वाकड्या. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. मोतीबिंदू पिकत असेल, थंडीत बघू, असं ठरवून तीन महिने घालवले.

ताई : मावशी, तू घरच्या घरी जी तपासणी केलीस ना, तीच आम्ही करतो. स्वित्झर्लंडच्या मार्क आम्सलर नावाच्या डॉक्टरांनी चौकोनांचा तक्ता केला, मध्ये एक ठिपका. एक डोळा झाकायचा, ठिपक्याकडे बघायचं, रेषा वाकल्यात का, कुठला चौकोन पुसलाय का, ते सांगायचं. रेषा वाकलेल्या दिसल्या की आठवड्याच्या आत डॉक्टरांकडे जायचं. महिने नाही लावायचे.

आत्या : वाकडं दिसणं म्हणजे आजार असतो हे कोण सांगतं आम्हाला? मोतीबिंदूचं शिबिर असतं, त्याचा भोंगा फिरतो. याचा भोंगा मी तरी ऐकला नाही.

आत्याचं बरोबर आहे. ज्या आंध्र प्रदेश नेत्ररोग सर्वेक्षणामुळे या भागातल्या आंधळेपणाचं चित्र पहिल्यांदा नीट समोर आलं, ते १९९६ ते २००० या काळात हैदराबाद, पश्चिम गोदावरी, आदिलाबाद आणि महबूबनगर इथं झालं. म्हणजे आत्याचा जिल्हा त्यात होता. चाळिशीपुढच्या ३,७२३ लोकांत मॅक्युलाचा हा आजार सुमारे १.८ टक्के निघाला. मोतीबिंदूपुढे हा आकडा लहान, म्हणून भोंगा मोतीबिंदूचा फिरला. चुट्टा, म्हणजे तंबाखूच्या पानाची जाड विडी, भरपूर ओढणाऱ्यांत मॅक्युलाचा आजार जास्त आढळला. आत्यानं आयुष्यात विडी ओढली नाही. फुप्फाजी, म्हणजे तिचे यजमान, मात्र ओढायचे.

हे सर्वेक्षण करणारी एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था इथं बंजारा हिल्सवर आहे. डॉ. गुल्लपल्ली नागेश्वर राव यांनी ती १९८७ मध्ये सुरू केली आणि चित्रपट दिग्दर्शक एल. व्ही. प्रसाद यांनी तिला जागा आणि पैसा दिला. याच प्रसादांनी १९५९ साली ‘छोटी बहन’ काढला. त्यातल्या धाकट्या बहिणीची दृष्टी जाते. ती भूमिका मास्टर विनायकांच्या मुलीनं, नंदानं केली होती. आत्यानं तो सिनेमा लग्नाआधी पाहिला आहे आणि अजून त्याबद्दल बोलताना तिचा आवाज बदलतो. संस्थेनं मोठ्या दवाखान्याच्या जोडीला गावपातळीपर्यंत उतरंड बांधली, आणि खेड्यातल्या सुरुवातीच्या केंद्रांपैकी एक आत्याच्या वाटेवरच्या मुधोळला आहे. भोसले गोपाळराव पटेल यांचं नाव त्याला आहे. बाबा जो रकाना मागतात तो याच शहरात कुणीतरी फार पूर्वी मनावर घेतला होता, असं मला हे वाचताना वाटलं. मोतीबिंदू आणि चष्म्यासाठी ही उतरंड आत्याच्या गावाजवळ पोचली. डोळ्यातलं इंजेक्शन ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी लागतं, त्यांच्यापर्यंत अजून पुरेसं काही पोचलेलं नाही.

बाबांनी मग खिशातून एक जाहिरातीचं कात्रण काढलं.

बाबा : हे बघ. डाव्या डोळ्यात कोरडा आजार आहे म्हणालीस. इथं लिहिलंय, कोरड्यावर लेझर. वेदना नाहीत, सुई नाही.

ताई : मामा, यावर मात्र मी भांडणार. मावशीच्या डाव्या डोळ्यात पडद्याखाली पिवळे ठिपके साठलेत, ड्रुसेन म्हणतात त्यांना. हलक्या लेझरनं ते विरतात, हे खरं आहे. फोटोत डोळा स्वच्छ दिसतो. पण हजारावर रुग्ण घेऊन पाच-सहा वर्षं तपासून पाहिलं, २००६ मध्ये निकाल आला. ठिपके गेले, नजरेला फायदा शून्य. मग ऑस्ट्रेलियात अतिसूक्ष्म काळाचे झटके देणारा लेझर वापरून पाहिला, २०१८ मध्ये तेही छापून आलं. एकूण गटात फरक नाही, आणि एका प्रकारचे ठिपके असणाऱ्यांत तर उलट बिघाड होण्याची शंका आली. हल्ली लाल-पिवळ्या प्रकाशाचं एक यंत्र निघालंय, त्याला नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तो लेझरसुद्धा नाही, एलईडी दिवे आहेत. सुधारणा एका ओळीच्या आसपास, आणि नुसतं नाटक केलेल्या गटातही थोडी झालीच. त्यासाठी कुणी दागिने मोडायला सांगत असेल तर मोडू नका.

आत्या : मग डाव्याला काही करायचंच नाही?

ताई : करायचं ना. तुझे ठिपके मध्यम-मोठे आहेत, म्हणून जीवनसत्त्वांची ती गोळी चालू आहे, जस्तवाली. २००१ च्या अभ्यासात अशा डोळ्यांचा आजार पुढच्या पायरीवर जाण्याचा धोका तिनं सुमारे पाव हिश्शानं कमी केला होता. आणि रोज सकाळी उजवा डोळा झाकून डाव्यानं कालनिर्णय बघायचं. मावशी, उजवा आपण राखतोय. पण तुझं वाचणं आता डाव्यावर आहे.

बाबांनी कात्रण घडी करून परत खिशात ठेवलं. टाकून दिलं नाही. नंतर त्यांनी जे विचारलं त्यानं ताईलाही थोडं मागे यावं लागलं.

बाबा : म्हणजे या आजारात लेझर आता कशालाच नाही? साफ बाद?

ताई : नाही, तसं म्हटलं तर खोटं होईल. आपल्या आशियातल्या लोकांत या आजाराचा एक वेगळा प्रकार बराच आढळतो. वाहिन्यांच्या टोकाला द्राक्षांसारखे फुगे येतात, पॉलिप. ते साध्या तपासणीत कळत नाहीत, हिरवा रंग शिरेतून सोडून फोटो काढावे लागतात. त्यांच्यासाठी तो थंड लेझर आणि इंजेक्शन जोडीनं दिलं, तर नुसत्या इंजेक्शनपेक्षा जास्त फुगे बंद झाले. वर्षभरात ६९ टक्के विरुद्ध ३५ टक्के. आणि सुयाही कमी लागल्या, साधारण सातच्या जागी चार.

बाबा : सातच्या जागी चार! आणि हे मला आज सांगतेस? अक्काची ही हिरव्या रंगाची तपासणी झाली आहे का?

ताईनं फाइल उघडली. ओसीटीचे, म्हणजे पडद्याच्या स्कॅनचे, कागद एकावर एक, प्रत्येकावर पडद्याचा तो डोंगर कापल्यासारखा करडा काप, कुठे पाण्याचा काळा फुगवटा, कुठे सपाट. पिवळ्या रंगाच्या तपासणीचे फोटो होते. हिरव्याचे नव्हते.

ताई : नाही झाली. विचारायला हवी. तिच्या डोळ्यात फुगे नसतीलही, आणि असले तरी ते औषध मिळवणं सोपं नाही, जगभर त्याचा तुटवडा झाला होता. पण विचारायला हवी, हे तुमचं बरोबर.

बाबांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव आला नाही, याचं मला बरं वाटलं. त्यांनी फाइल स्वतःकडे ओढली आणि तारखा वाचू लागले. हिशेबनिसाची नजर तारखांवरच जाते.

बाबा : हे बघ. इथं दोन सुयांमध्ये सहा आठवडे गेले आणि तरी डाग सपाट. इथं आठ आठवडे, तरी सपाट. मग पुन्हा चार आठवड्यांवर कशाला बोलावलं?

ताई : टाळेबंदीनंतर पाणी परत आलं म्हणून पुन्हा सुरुवातीपासून धरलं. पण आता डोळा कोरडा राहिला की दोन-दोन आठवड्यांनी अंतर वाढवत न्यायचं, हीच हल्लीची पद्धत. ज्या अंतराला पाणी दिसेल, त्याच्या थोडं अलीकडे थांबायचं. कुणाला दोन महिने पुरतात, नव्या औषधांवर कुणाला तीन-चार महिनेही. मावशीचं अंतर कुठं थांबतं ते एकदा नीट शोधलं पाहिजे.

बाबा : आणि ते शोधायला दर वेळी हैदराबाद?

ताई : नको. नांदेडला रेटिनाचे डॉक्टर आहेत, ओसीटीचं यंत्र आहे. भैंशाहून सकाळी निघून संध्याकाळी घरी जाता येतं. हिरव्या रंगाची तपासणी आणि वर्षातून एकदा सल्ला इथं, बाकी सगळं तिकडे. मी इथल्या डॉक्टरांकडून पत्र घेते.

आत्या : डोळ्यात सुई टोचायला मला आता भीती वाटत नाही. सुरुवातीला वाटायची. बधिर करतात, तपकिरी थेंब टाकतात, वर बघा म्हणतात, तेवढ्यात होऊन जातं. मला भीती वाटते ती पोराच्या तोंडाची, ‘आई, पुढच्या महिन्यात पुन्हा?’ असं तो म्हणत नाही तेव्हाची.

यावर दोघांपैकी कुणीच काही बोललं नाही. लेझरवाले बाबा नाहीत आणि सुईवाली ताईही नाही. ताईनं मोबाइल काढून नांदेडच्या आपल्या ओळखीच्या मैत्रिणीला फोन लावला. तिकडून ‘हॅलो’ येईपर्यंत बाबांनी आपला प्रश्न पुढे सरकवला होता, आणि ताईनं तो जसाच्या तसा विचारला : भैंशाची शेवटची बस मिळेल अशा वेळेला नंबर लागेल का, आणि एखादी तारीख चुकली तर तुमच्याकडून कुणी फोन करून का आला नाहीत ते विचारतं का?